बारा माणसांची पोपटी

पोपटी म्हणजे वालाच्या (पावट्याच्या) शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरायची आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करून शिजवायची. तीत पाण्याचा थेंब घालत नाहीत, आणि पोपटी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यापायीच. शेंगा धुऊन ओल्याकच्च भरल्या की मडक्यात पाणी सुटतं आणि त्या उकडलेल्या लागतात. उलट पाला कमी पडला किंवा सुकलेला निघाला की वाफच धरत नाही, आणि मडक्याला टेकलेल्या शेंगा करपून आतल्या कच्च्या राहतात. पहिल्यांदा करणाऱ्याला धास्ती असते ती जाळाची. जाळ सोपा आहे. पोपटी जमणार की फसणार हे मडकं भरतानाच ठरतं.

आम्ही दोघं नेरूळला राहतो. घरात कुणाचा वाढदिवस असो की नुसताच मोकळा शनिवार, हिवाळ्यात पेणजवळच्या नातेवाइकांच्या वाडीत पोपटी लावायचं निमित्त आम्हाला पुरतं. खालचं माप बारा जणांचं आहे, त्यात चौघं शाकाहारी धरलेत.

आधी हंगाम. रायगडात भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर सरता सरता शेंगा भरायला लागतात, आणि जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा काळ. मार्गशीर्ष पाळणाऱ्या घरात कोंबडीची पोपटी पौष लागल्यावरच होते, आणि तेच बरं पडतं. तोवर दाणा टपोरा होतो, शिवाय पौषात लग्नं नसल्याने पाहुण्यांचे शनिवारही मोकळे असतात.

शेंगा घ्यायच्या त्या शक्यतो वाटेतच. पेण-वडखळच्या पट्ट्यात हंगामात रस्त्याच्या कडेला शेंगांचे ढीग घेऊन बायका बसलेल्या असतात. वाशीच्या मार्केटातही पावट्याच्या शेंगा येतात, पण शेतातून निघून एक-दोन दिवस झालेली शेंग लवलवीत पडते, आणि तिच्यातला ओलावा गेला की पोपटीतली अर्धी वाफ गेली. शेंग हातात घेऊन मोडून बघावी. कट्‌ आवाज करून तुटली तर ताजी, वाकली तर शिळी. मग अंगठ्याने दाबून दाणे मोजावेत. निदान तीन दाणे बोटाला लागले पाहिजेत. चपट्या, कोवळ्या शेंगा स्वस्त मिळतात, पण त्या पोपटीत नुसत्या सालीच होऊन बसतात. पिवळी पडायला लागलेली शेंगही नको, तिचा दाणा पिठूळ होतो आणि साल चामड्यासारखी. "ताई, दाणा भरलाय बघा," असं सांगत विकणारी बाई स्वतःच दोन शेंगा सोलून हातावर ठेवते. तरी ढिगाच्या तळातल्या चार आपल्या हाताने काढून बघाव्यात.

बारा जणांना पाच किलो शेंगा. ऐकायला जास्त वाटतं, पण त्यात सालीचंच वजन किती! आणि पोपटीच्या शेंगा खाताना हात थांबत नाही.

दुसरी महत्त्वाची वस्तू भांबुर्डीचा पाला. पावसाळ्यानंतर ओसाड शेतात, बांधावर, रस्त्याकडेला ही आपोआप उगवते. पानं मऊ, लवदार, कडेने दातेरी, आणि चुरगाळली की कापरासारखा उग्र वास. हा वासच पोपटीला पोपटीपण देतो. शेंगा विकणाऱ्यांकडे बऱ्याचदा पाल्याच्या जुड्याही असतात. स्वतः तोडायचा तर गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावं, कारण शेताच्या बांधावर तशी दिसणारी इतर रोपंही असतात, आणि रस्त्याकडेच्या पाल्यावर धूळ आणि फवारणी दोन्ही असू शकतात. एका मडक्याला दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा पाला लागतो. तो त्याच दिवशी तोडलेला हवा. पाला पाण्यात बुचकळून झटकून घ्यावा, पण सुकवू नये. शेंगांना लागणारी वाफ बरीचशी ह्याच पानांतून येते. भांबुर्डी मिळालीच नाही तर केळीची पानं वापरून काम भागतं, वास मात्र येत नाही. वलसाडकडे उंबाडियू म्हणून ह्याचंच भावंड करतात, तिथे पाला वेगळा, मडकं उलटं घालायची तऱ्हा तीच.

मडकी दोन घ्यायची, प्रत्येकी साधारण दहा लिटरची. एक मोठं मडकं घेण्यापेक्षा दोन मध्यम बरी, कारण मोठ्या मडक्याच्या पोटात उष्णता पोचेपर्यंत कडेच्या शेंगा जळतात. शिवाय एक शाकाहारी राहतं. तोंड इतकं रुंद हवं की मूठ कोंबडीच्या पुडीसकट आत जाईल. विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघावं: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. रंगवलेलं, पॉलिश केलेलं, नक्षीचं मडकं अजिबात नको. आणि मडकं आदल्या दिवशी धुऊन पूर्ण दिवस कडक उन्हात वाळवायचं. ओलं मडकं जाळावर ठेवलं की मातीच्या छिद्रांतल्या पाण्याची वाफ होते आणि बूड फुटतं. माठातलं पाणी ओतून तेच मडकं पोपटीला घेणारे लोक आहेत, त्यांची मडकी फुटतात आणि दोष कुंभाराला जातो.

कोंबडी आदल्या रात्री मुरवून ठेवायची. आठ मांसाहारी माणसांना दीड किलो पुरते, कारण सोबत अंडी आहेत. तुकडे मध्यम, तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा. वाटण असं: लसणाच्या वीस-बावीस पाकळ्या, दोन इंच आलं, आठ हिरव्या मिरच्या, मोठी मूठभर कोथिंबीर, हे सगळं पाणी न घालता वाटायचं. त्यात दोन लिंबांचा रस, एक चमचा हळद, तीन मोठे चमचे आगरी मसाला, दीड मोठा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल. दही घालू नये. दह्याचं पाणी सुटून पुडीतून झिरपतं आणि खालच्या शेंगा आंबूस होतात. मुरवलेली कोंबडी फ्रिजमध्ये आणि नेताना बर्फाच्या डब्यात. थंडीचे दिवस असले तरी दुपारच्या उन्हात बंद गाडीत ती खराब व्हायला वेळ लागत नाही.

पुड्या केळीच्या पानाच्या. पान आधी गॅसवर किंवा निखाऱ्यावर फिरवून घ्यायचं. त्याचा रंग गडद होतो, ते लवचीक होतं, मग घडी घालताना फाटत नाही. प्रत्येक पुडीत पाव किलो, त्याहून जास्त नको, मोठ्या पुडीच्या मध्यावरचं हाड लाल राहतं. दीड किलोच्या सहा पुड्या होतात. बांधायला सुती दोरा किंवा केळीच्याच सालपटाची दोरी. नायलॉनचा दोरा वितळतो.

बाकीचं सामान: दहा अंडी, दीड किलो लहान बटाटे, एक किलो रताळी, लहान कांदे, आणि शाकाहारी मडक्यासाठी पाव किलो काटेरी वांगी आणि मक्याची चार कणसं. कणसांचे तीन-तीन तुकडे करायचे. वांग्यांना चार चिरा देऊन ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, मसाला आणि मीठ भरायचं. बटाट्यांनाही चीर देऊन थोडं मीठ-मसाला. लिंबाहून मोठा बटाटा सरळ अर्धा करायचा, नाहीतर सगळं शिजून तो एकटाच कच्चा निघतो. अंडी धुऊन, फ्रिजबाहेर तासभर ठेवून मगच भरायची. गार अंडं एकदम तापलं की तडकतं.

शेंगांना मीठ-ओवा लावण्याचं काम वाडीत पोचल्यावर. शेंगा धुऊन टोपलीत अर्धा-पाऊण तास निथळत ठेवायच्या. हाताला गार आणि किंचित ओलसर लागाव्यात, पाणी टपकू नये. एवढी ओल मीठ धरून ठेवायला हवीच. डेखं काढायची नाहीत, शिरा काढायच्या नाहीत. शेंग बंद राहिली तरच दाणा आत वाफेवर शिजतो. भोक पडलेली शेंग मात्र फेकून द्यायची, आत अळी असते. पाच किलोला पाच मोठे चमचे जाडं मीठ आणि तेवढाच ओवा. ओवा तळहातावर चोळून घालायचा. वाल वातूळ, म्हणून ओव्यात कंजूषी नको.

आता भरणं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची: मडकं जाळात उलटं बसणार आहे. म्हणजे आता जे बूड दिसतंय ते वर जाणार आणि तोंड जमिनीला टेकणार. जाळ बाजूंनी आणि वरून लागतो, त्यामुळे बुडाकडे आणि पोटात आच जास्त, तोंडाशी सगळ्यात कमी. ज्याला शिजायला वेळ लागतो ते बुडाकडच्या अर्ध्या भागात जायला हवं. पुष्कळ जण कोंबडी सगळ्यात शेवटी, तोंडाशी ठेवतात, काढायला सोपी म्हणून. तीच कच्ची राहते.

बुडात आणि कडांना पाल्याचा चार बोटं जाड थर. हा थर पातळ झाला की तिथल्या शेंगा मडक्याला चिकटून काळ्या पडतात. त्यावर चार-पाच मुठी शेंगा, मग बटाटे आणि रताळी, पुन्हा शेंगा. मग कोंबडीच्या तीन पुड्या मध्यभागी, मडक्याच्या भिंतीला न टेकवता. पुड्यांभोवतीच्या फटी शेंगांनी भरायच्या. अंडी ह्याच पातळीवर, एकेक अंडं पाल्याच्या दोन पानांत गुंडाळून. उरलेल्या तीन पुड्या, पुन्हा शेंगा. मडकं तीन चतुर्थांश भरलं की पुढे फक्त शेंगा, तेही गळ्याच्या खाली दोन बोटं जागा सोडून. ही जागा पाल्याने ठासून भरायची. ठासून म्हणजे अक्षरशः मूठ मारून, मडकं उलटं केल्यावर आतली एक शेंग हलता कामा नये. बूच सैल राहिलं की वाफ खालून निसटते, आणि अर्ध्या तासाने उघडाल तेव्हा वास पोपटीचा, शेंग कच्ची. शेंगा मात्र फार दाबू नयेत, त्यांच्यामधून वाफ फिरली पाहिजे.

शाकाहारी मडक्यात हाच क्रम, कोंबडीच्या जागी कणसं आणि वांगी. कांदे सालीसकट कुठेही. ओळखायला त्याच्या बुडावर खडूने खूण करायची, कारण जाळानंतर दोन्ही सारखीच काळी दिसतात आणि एखाद्या काकूंच्या पानात भलतंच पडलं तर संध्याकाळ तिथेच संपते.

जागा कोरडी, सपाट, उघडी हवी. जानेवारीत शेतात भाताची सुकी धसकटं असतात, ती भराभर पेटतात, म्हणून दोन-तीन मीटरचं वर्तुळ साफ करून कडेने पाणी शिंपायचं आणि दोन बादल्या भरून ठेवायच्या. खारघरच्या डोंगरावर, कर्नाळ्याच्या जंगलात किंवा सोसायटीच्या आवारात पोपटी लावायचा विचारही करू नये. आपल्या माणसाचं शेत किंवा वाडी नसेल तर ज्यांची आहे त्यांना विचारून, मोबदला देऊन करावं.

दोन मडक्यांना गोणभर सुकी लाकडं, पंधरा-वीस गोवऱ्या, नारळाची सोडणं आणि पेटवायला पेंढा. जमिनीवर थोडा पाला अंथरून त्यावर मडकं उलटं ठेवायचं. हे काम दोघांचं, एकाने तोंडावरचं बूच तळहाताने दाबून धरायचं, दुसऱ्याने बूड फिरवायचं. मडक्याला टेकवून गोवऱ्या उभ्या रचायच्या, बुडावरही दोन ठेवायच्या, बाहेरून लाकडं तिरकी, फटींत पेंढा आणि सोडणं. दोन मडक्यांत हातभर अंतर. रॉकेल ओतायचं नाही. माती छिद्रांतून वास ओढून घेते आणि तो शेंगांत उतरतो. कापराच्या दोन वड्या पेंढ्यात ठेवल्या की पुरे. फर्निचरच्या फळ्या, प्लायवूड, रंग दिलेलं लाकूडही नको.

जाळ एकदम चहूबाजूंनी धरला पाहिजे. पोपटी लावायची ती सूर्य कलल्यावर, साडेपाच-सहाला, आणि त्या वेळी वारा सुटलेला असतो. ज्वाळा वाऱ्याने एका अंगाला झुकतात, मडक्याची ती बाजू जळते आणि वाऱ्याकडची बाजू उघडी पडते. उघड्या बाजूला लाकूड सरकवत राहणं हे जाळावर बसलेल्याचं काम, आणि त्याने गप्पांत रमायचं नाही. आमच्यात भरणं एकाकडे, जाळ दुसऱ्याकडे, मधेच अदलाबदल नाही. पहिली पंधरा मिनिटं मोठा जाळ, पुढे गोवऱ्यांची धग. शाकाहारी मडकं अर्ध्या तासात होतं, कोंबडीचं चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं घेतं.

झालं की नाही हे नाकाला आधी कळतं. सुरुवातीला जळत्या गोवऱ्यांचाच धूर असतो, मग कच्च्या पाल्याचा हिरवट वास येतो, आणि एका क्षणी त्यातून भाजल्या शेंगांचा आणि ओव्याचा वास वर येतो. तेव्हा बुडावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र करून तत्काळ उडाले तर झालं. थेंब बसून बुडबुडत राहिले तर अजून दहा मिनिटं. शिंपडायचं म्हणजे बोटांनी, तांब्या उपडा केला तर मडकं तिथेच दुभंगेल.

मग लाकडं बाजूला ओढायची आणि मडकं निखाऱ्यांच्या धगीत दहा मिनिटं तसंच ठेवायचं. ह्या दहा मिनिटांत हाडाजवळचं मांस पुरतं शिजतं, म्हणून पाहुण्यांची कितीही घाई असली तरी ती द्यायचीच. उचलायला जाड गोणपाट आणि दोघं जण, ठेवायला सुकं गवत किंवा कोरडी माती. बूच काढताना तोंड मागे घ्यावं, वाफेचा लोट सरळ वर येतो. सगळा माल केळीच्या पानावर किंवा सुपात ओतायचा. पाल्याच्या काळपट काड्या निवडून टाकल्या की झालं.

कोंबडीची एक पुडी वाढण्याआधी उघडायचीच. तंगडीचा तुकडा हाडापाशी सुटतो का आणि रस पांढरट आहे का बघायचं. लालसर दिसला तर मडकं पुन्हा लावायच्या फंदात न पडता सगळ्या पुड्या तशाच बांधलेल्या निखाऱ्यावर दहा-बारा मिनिटं उलटसुलट ठेवायच्या. पान बाहेरून जळतं, आतलं शाबूत राहतं. सोबत तांदळाची भाकरी, लिंबू आणि पाणी न घालता केलेली लसणाची तिखट चटणी. बाकी काही करू नये. पोपटीबरोबर कुणी पुलाव केला तर तो उरतोच.

वाडी नाही, पाहुणे नाहीत, नुसती शेंग खायची आहे, अशा आठवड्यातल्या संध्याकाळी गॅसवरही बऱ्यापैकी जमतं. जाड बुडाचं पातेलं किंवा बिडाची कढई घ्यायची, तळाला केळीचं पान आणि मिळाला तर भांबुर्डीचा थर, वर किलोभर शेंगा, एक मोठा चमचा जाडं मीठ आणि तेवढाच ओवा, चार लहान बटाटे अर्धे करून. पुन्हा पाल्याचा थर, घट्ट झाकण, आणि झाकणाच्या कडेला कणकेची वळी. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं, मग अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटं. कुकर नको. पाण्याशिवाय तो चढवायचा नसतो, आणि पाणी घातलं की त्या उकडलेल्या शेंगा झाल्या. धुराची चव हवी तर शेवटी वाटीत पेटता कोळसा, त्यावर थेंबभर तूप, तीन मिनिटं झाकण. खिडकी उघडी ठेवून.

उरलेल्या शेंगा सालीसकट डब्यात भरू नयेत, सकाळपर्यंत साली बुळबुळीत होतात. रात्रीच सोलून दाणे फ्रिजमध्ये, दोन दिवस टिकतात. कोंबडी उरली तर वाडीतून निघतानाच बर्फाच्या डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात चांगली उकळून रस्सा. दाण्यांची सगळ्यात सोपी वाट म्हणजे कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून चहाबरोबर. पोटभरीचं हवं तर भात: एक वाटी आंबेमोहोर, फोडणीत जिरं, लसूण, हिंग आणि चमचाभर गोडा मसाला, दोन वाट्या गरम पाणी. दाणे आधीच शिजलेले असल्याने भात पाऊण शिजल्यावर पाऊण वाटी दाणे वरून घालून मंद वाफ द्यायची, सुरुवातीपासून घातले तर लगदा होतो. मीठ नेहमीच्या अर्धं, दाण्यांत आधीच मुरलेलं असतं.

मडकं फुटलं नसेल तर पुढच्या वेळी चालतं, आणि जुनं मडकं नव्यापेक्षा जाळ चांगला सोसतं. आतून गरम पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासायचं. साबण लावायचा नाही, तो मातीत जिरतो आणि पुढच्या शेंगांना लागतो. मात्र कोंबडी लावलेलं मडकं पुन्हा शाकाहाराला वापरू नये, कितीही घासलं तरी.